कोणाच्या शब्दावर

(स्नेहमेळाव्याच्या सकाळच्या सत्रातील भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी सांगितलं, प्रत्येकाने आपापल्या कामाबद्दल दहा मिनिटं बोलायचं. डॉक्टरांनी मधुमेहावर, शेती करणाऱ्यांनी ठिबकवर आणि तू सॉफ्टवेअरवर. मधुमेहानंतर आणि जेवणाआधी सॉफ्टवेअर म्हणजे मला मुद्दाम शिक्षा दिली आहे. आठवीत वर्गाबाहेर उभं केलं जायचं, तसंच काहीसं.

मी सॉफ्टवेअर तयार करत नाही, विकतो. तेही तुमच्या मोबाइलमधलं नाही. कंपन्यांच्या कचेऱ्यांत लागतं ते. कोणतं काम कोणाकडे आहे, ते कुठवर आलं, कागद कुठे ठेवलेत, याची नोंद ठेवणारं. पंचवीस वर्षं हेच करतोय. त्यात एकदा जे चुकलं, ते सांगावं म्हणून उभा राहिलोय.

आधी शाळेच्या फाटकासमोरच्या दुकानाची आठवण काढतो. नवीन शाईपेन घ्यायचं झालं की आपण दुकानदाराला विचारायचो का? नाही. माझ्या बाकावरच्या सोबत्याला विचारायचो. कुठलं पेन गळतं, कुठल्याची निब आठवड्यात फाकते, हे त्याला पाठ असायचं. तो "हे घे" म्हणाला की आपण घ्यायचो. दुकानदाराने त्याला कधी गोळीसुद्धा फुकट दिली नसेल, पण अर्ध्या वर्गाची पेनं त्याच्या शब्दावर विकली गेली. हा मित्र आज इथे तिसऱ्या रांगेत बसलाय. त्याच्याकडे मी परत येणार आहे.

माझ्या धंद्यातही विक्री अशीच होते. आम्ही टाय लावून जातो, पडद्यावर चित्रं दाखवतो. साहेब मान डोलावतात. आम्ही खाली उतरलो की साहेब आपल्या हाताखालच्या चार पोरांना बोलावून विचारतात, "यांचं तुमच्यापैकी कोणी वापरलंय का?" सौदा त्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतो. आणि ती पोरं ते कुठे शिकलेली असतात? फुकट आवृत्तीवर, एकमेकांना विचारत, अडलेल्याला अडलेल्याने मदत करत. त्या लोकांना आम्ही एक पैसा देत नाही.

याचं एक जगजाहीर उदाहरण सांगतो. इथल्या पुष्कळांनी ओपनऑफिस वापरलं असेल. पत्रं टाइप करायला, हिशेबाचे तक्ते करायला. मूळ सॉफ्टवेअर जर्मनीतलं. १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकी कंपनीने ते विकत घेतलं आणि २००० मध्ये त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला केला. फुकट आवृत्ती सगळ्यांना, आणि कंपन्यांना आधारसेवेसकट विकायची दुसरी. जगभरातले लोक रात्री जागून त्यातल्या चुका शोधायचे, आपापल्या भाषेत ते आणायचे. मराठीतही ते आलं. विकायच्या आवृत्तीचा पाया हाच होता.

जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने अख्खी सन कंपनी घेतली. सनचाच ओपनसोलारिस नावाचा दुसरा एक खुला प्रकल्प होता. त्याच्या मंडळाला नवे मालक उत्तरच देईनात, तेव्हा ऑगस्टमध्ये त्या मंडळाने स्वतःलाच बरखास्त केलं. ओपनऑफिसवाले हे बघत होते. शेजाऱ्याच्या घरात काय चाललंय ते दिसल्यावर माणूस आपलं सामान बांधायला घेतोच. २८ सप्टेंबर २०१० ला त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था जाहीर केली आणि तोच कोड घेऊन लिब्रेऑफिस सुरू केलं. ओरॅकललाही त्यांनी या म्हणून बोलावलं होतं आणि जुनं नाव आम्हाला द्या, अशी विनंती केली होती. कंपनीच्या बाजूने उत्तर आलं ते असं, की नव्या संस्थेत गेलेल्यांनी जुन्या परिषदेतल्या खुर्च्या सोडाव्यात.

मला विक्रेता म्हणून इथे थांबावंसं वाटतं. त्या दिवशी सॉफ्टवेअर बिघडलं नव्हतं. दोन्हीकडे कोड जवळजवळ तोच होता. कमी झाली ती फक्त "हे घे" म्हणणारी माणसं. नव्या संस्थेने उभारणीसाठी लोकांकडे ५०,००० युरो मागितले, ते आठ दिवसांत जमले. एप्रिल २०११ मध्ये उबुंटूच्या नव्या आवृत्तीत ओपनऑफिस जाऊन लिब्रेऑफिस आलं. त्याच महिन्यात ओरॅकलने विकायची आवृत्ती बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि जूनमध्ये ओपनऑफिस अपाची फाउंडेशनला देऊन टाकलं. सप्टेंबर ते एप्रिल, सात महिने. ओरॅकलला त्या मालात फारसा रस नसेलही. तरी ज्याला गिऱ्हाईक आहे असा माल कोणी असा टाकून देत नाही.

आता माझं. त्या कंपनीचं नाव घेत नाही. आमचं सॉफ्टवेअर दहा माणसांपर्यंत फुकट होतं. लहान कारखाने, वर्कशॉपवाले ते वापरायचे. नागपूरच्या एका कारखान्यातल्या नियोजन विभागातल्या गृहस्थांनी त्यावर चाळीस पानांचं मराठी पुस्तक लिहिलं होतं. फोरमनला, स्टोअरकीपरला कळेल असं. कोणी सांगितलं नव्हतं, पैसे मागितले नव्हते. शनिवारी संध्याकाळी ते फोनवर लोकांच्या अडचणीही सोडवायचे.

एका वर्षी आकडे गाठायचे होते. फुकटची मर्यादा दहावरून तीनवर आणायची आणि एक महिन्याची मुदत द्यायची, असं टिपण तयार झालं. ते मी लिहिलं. त्यात एक वाक्य होतं, "फुकट वापरणारे हे आपले ग्राहक नव्हेत." वरच्यांना ते वाक्य फार आवडलं. त्याच धांदलीत आमच्या प्रशिक्षण विभागाने नागपूरकरांचं पुस्तक विकतच्या संचात छापलं. त्यांना न विचारता, त्यांचं नाव काढून. ते मी केलं नाही, पण छापून आल्यावर बघितलं आणि गप्प बसलो.

पहिल्या तिमाहीत विक्री वाढली, हे मुद्दाम सांगतो. सगळ्यांची कामं आमच्यात अडकली होती, महिन्याभरात कुठे जाणार? त्यांनी पैसे भरले. मला बोनस मिळाला, गाडी घेतली. पुढच्या वर्षी नूतनीकरणाची वेळ आली आणि फोन उचलणं बंद झालं. भांडायलासुद्धा कोणी येईना. नवीन कंपन्यांकडून "निर्णय पुढे ढकलला आहे" अशी पत्रं यायला लागली. आमच्या बैठकांत कारणं निघायची, मंदी, किंमत, स्पर्धक. पुस्तकाचा विषय कोणी काढला नाही. मीही नाही.

तेव्हा मला आठवला माझा बाकावरचा सोबती. तो चिंचवडच्या एका कारखान्यात संगणक विभागाचा प्रमुख होता. दोनशे जणांचा प्रस्ताव घेऊन मी गेलो. म्हटलं, इथे तरी शाळेची ओळख आहे. त्याने चहा मागवला, घरच्यांची चौकशी केली आणि मग माझ्यासमोरच आपल्या पोरांना बोलावलं. "यांचं कोणी वापरलंय का?" चौघांनीही वापरलं होतं. चौघेही गप्प. शेवटी एकजण म्हणाला, "सर, ते पुस्तक ज्यांनी लिहिलं, त्यांना मी ओळखतो." बस्स, एवढंच.

पोरं गेल्यावर मित्र म्हणाला, "तुझ्यासाठी मी सही करीन रे. पण उद्या यांना हे वापरा म्हणून कुठल्या तोंडाने सांगू?"

मी चिडलो. जिन्यात उभं राहून त्याला नको ते बोललो. शाळेत तुझे गृहपाठ कोणी लिहिले, इथपर्यंत गेलो. खरं तर त्याने माझे लिहिले होते, सरांना माहीत आहे. त्यानंतर सहा वर्षं आम्ही बोललो नाही. आज सकाळी नाश्त्याला त्याने मला न विचारता माझ्या ताटात मिसळ वाढली.

नेहमी असंच होतं, असं मी म्हणणार नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये हॅशिकॉर्प या कंपनीने टेराफॉर्म या आपल्या साधनाचा खुला परवाना बदलला. लोक रागावले, ओपनटोफू नावाने वेगळी चूल मांडली. तरी पुढच्या एप्रिलमध्ये आयबीएमने ती कंपनी ६.४ अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं. साधन कारखान्यात इतकं खोल रुतलेलं असलं की लोक शिव्या देत देत पैसे भरतात. आमचं तसं नव्हतं. आमच्याऐवजी दुसरं घेणं सोपं होतं. दीड वर्षाने आम्ही पुन्हा दहा माणसांना फुकट केलं, जाहिरात दिली. तोवर लोक दुसरीकडे रुळले होते. माल आधीपेक्षा चांगला झाला होता, याचं मला अजून वाईट वाटतं. तो करणाऱ्या पोरांची काही चूक नव्हती, आणि नोकऱ्या त्यांच्या गेल्या.

ती नोकरी सुटल्यावर मी नागपूरला फोन केला. माफी मागितली. ते गृहस्थ म्हणाले, "पुस्तकाचं मी सोडून दिलं हो. पण माझ्या कारखान्यात बावीस जणांना मी शब्द दिला होता की हे फुकट राहील. दहा-दहाचे गट करून त्यांना शिकवलं होतं. त्यांना परत वहीवर आणायला मला चार महिने लागले. आजही काही नवीन आणलं की ते माझ्याकडे बघून हसतात." यावर मला काही बोलता आलं नाही. फोन ठेवताना त्यांनी विचारलं, "आता काय विकता?" मी सांगितलं. पलीकडे कागद सरकल्यासारखा आवाज आला. नाव लिहून घेतलं की नाही, कळलं नाही.

संयोजक खुणावताहेत, पानं वाढून झाली आहेत. बाई, सर, तुम्ही आधी बसा.