मुलांना तोल सावरू द्या

(पुण्यातील पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



विषयात शिरण्यापूर्वी एक विनंती करतो. आज घरी गेल्यावर आपल्या पाल्याला अनवाणी, एका पायावर उभे करा. तीन वर्षांचे मूल दोन-तीन सेकंद टिकते. पाचव्या वर्षाच्या सुमारास पुष्कळ मुले दहा सेकंदांपर्यंत पोहोचतात. मग त्याला डोळे मिटायला सांगा आणि आपण जवळ उभे राहा. बहुधा पाय लगेच टेकेल.

कारण तोल हा केवळ पायांचा गुण नव्हे. डोळे, स्नायू-सांधे आणि अंतर्कर्ण या तिघांकडून मेंदूला अखंड वार्ता मिळत असते. अंतर्कर्णात परस्परांशी काटकोनात असलेल्या तीन अर्धवर्तुळाकृती नलिका आहेत आणि त्यांत द्रव आहे. मंगळागौरीत फुगडी घालून थांबलेल्या मुलीला घर फिरताना दिसते, ते त्यामुळेच. शरीर थांबलेले असते, द्रव मात्र अजून वाहत असतो. या तिन्ही वार्तांचा मेळ घालायला मेंदू शिकतो तो तोल जाता जाता सावरण्याच्या सरावातून. आपण बोट धरले की मूल पडत नाही हे खरे. पण सावरण्याचे काम आपला हात करतो आणि मुलाचा अभ्यास बुडतो.

आमच्या सोसायट्यांतून दुपारी ऐकू येणारा शब्द कोणता? ‘पडशील!’ गुळगुळीत फरशी, पायांत सदैव चपला आणि कठड्यावर चढायला बंदी. मुलाचा तोल घडावा तरी कुठे?

वास्तविक या विद्येत पुण्याने कोणाकडे हात पसरण्याचे कारण नाही. मल्लखांबाचा उल्लेख बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात सापडतो; पण त्याला पुनर्जन्म दिला तो दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी. सप्तशृंगीच्या डोंगरावर माकडांच्या उड्यांवरून त्यांना ही विद्या स्फुरली, अशी आख्यायिका आहे. ती बाजूला ठेवली तरी खांबाची रचना पाहण्यासारखी आहे. सागाचा वा शिसवीचा, वर निमुळता होत जाणारा खांब. त्याचे अंग, मान आणि माथ्यावर बोंड. त्याला एरंडेल लावतात. मुलगा साधी अढी घालतो तेव्हा डोके खाली, पाय वर आणि पकड मांड्यांची. डोळ्यांना जग उलटे दिसत असते, अंतर्कर्णाला वेगळीच वार्ता मिळत असते आणि तरीही शरीर कुठे आहे याचे भान सुटून चालत नाही. तिन्ही इंद्रियांची एवढी कठोर परीक्षा घेणारे दुसरे साधन मला तरी ठाऊक नाही. मात्र ते शिकायचे जाणत्या शिक्षकाच्या नजरेखाली, खाली गादी घालूनच. घरच्या खांबावर प्रयोग नकोत.

ज्यांना आखाडा दूर पडतो त्यांनी निराश होऊ नये. 1924 साली कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळाची स्थापना केली. डेक्कन जिमखान्यावर 1914 साली खो-खोचे नियम बांधले गेले. याच जिमखान्याच्या निमंत्रणावरून 1937 साली तरुण बी. के. एस. अय्यंगार योग शिकवायला पुण्यात आले. अय्यंगारांच्या पद्धतीत भिंतीचाही आधार वर्ज्य नाही. वृक्षासन करणाऱ्या मुलाला भिंतीपासून वीतभर अंतरावर उभे करा आणि समोरच्या एका बिंदूवर दृष्टी लावायला सांगा. गरज पडली तर भिंत आहे. एरवी ती नाहीच असे समजायचे. लंगडीला तर अंगणाखेरीज काहीच लागत नाही. फक्त मुले नेहमी आवडत्या पायावरच खेळतात, तेव्हा दुसऱ्या पायाचाही डाव मांडा. जमिनीवर खडूने रेघ ओढून तीवर टाचेला चवडा लावत चालणे, मग तेच मागे मागे. रोज दहा मिनिटे पुरेत. मुलाला कंटाळा आला की थांबावे. हा गृहपाठ नव्हे.

एक सावधगिरीची सूचना. मूल समवयस्कांपेक्षा फारच वारंवार पडत असेल, चक्कर येते म्हणत असेल किंवा आधी जमत असलेले अचानक जमेनासे झाले असेल, तर खेळ बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे.

आता सायकलीविषयी. हे शहर एके काळी सायकलींचे म्हणून ओळखले जाई. तासाच्या भाड्याची मोठी सायकल घेऊन, दांडीखालून पाय घालून आमची पिढी शिकली. आज बाजूला दोन छोटी चाके लावून देतात. ती चाके सायकलीला कलूच देत नाहीत. आणि सायकल सावरायची तर ज्या बाजूला कलते त्या बाजूला हँडल वळवावे लागते. ते मुलाला कळणार कसे? त्यापेक्षा बाजूची चाके काढा, दोन्ही पेडलही काढा आणि दोन्ही तळवे जमिनीला टेकतील इतकी सीट खाली घ्या. मुलाला पायांनी ढकलत सपाट मैदानात जाऊ द्या. पाय उचलून तो लांबवर तरंगत जाऊ लागला की पेडल परत बसवा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, तेवढे पाना फिरवताना लक्षात असू द्या.