काठ धरून ठेवणारा वाळुंज



पूर आला की ओढा आधी काठाच्या पायथ्याची माती कोरतो. मग वरची दरड ढासळते आणि तिच्याबरोबर बांधही जातो. दगडी पिचिंगचा खर्च सगळ्यांनाच झेपत नाही. अशा काठांसाठी आपल्याकडे एक अस्सल देशी झाड आहे, वाळुंज.

विलो म्हटलं की आपल्याला काश्मीर आणि क्रिकेटची बॅट आठवते. वाळुंज त्याच गोतातला, पण आपल्या उष्ण हवेत रुळलेला. शास्त्रीय नाव सॅलिक्स टेट्रास्पर्मा. सह्याद्रीतल्या ओढ्यानाल्यांच्या काठी तो आपणहून वाढतो. पानं लांबट, टोकदार आणि खालून पांढुरकी. पावसाळा सरल्यावर त्याला तुरे लोंबू लागतात आणि मधमाश्या जमतात.

याची मुळं ओल्या काठात दाट जाळं विणून माती धरून ठेवतात. कोवळ्या फांद्या पुरात वाकतात, त्यांच्यापाशी पाण्याचा वेग मंदावतो आणि गाळ तिथंच बसतो.

लागवडीसाठी बियांच्या मागे लागू नका. कापसासारखे तंतू असलेलं हे बी वाऱ्यावर उडतं, पण फार दिवस टिकत नाही. फांदी मात्र सहज मुळं धरते. अंगठ्याएवढ्या जाडीचे, हातभर लांबीचे छाट घ्या. डोळे वरच्या बाजूला ठेवून दोन तृतीयांश भाग ओल्या मातीत खोचा. पूर ओसरल्यावर लावलेत, तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत मुळं धरायला वेळ मिळतो. उन्हाळ्यातही ओल राहील अशी जागा निवडा, आणि पहिली दोन वर्षं गुरांपासून जपा.

एक गोष्ट विसरू नका. वाळुंजात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. सगळे छाट एकाच झाडाचे असतील, तर सगळा काठ एकाच लिंगाचा होईल आणि त्या काठावर बी धरणं कठीण होईल. म्हणून चार-सहा वेगवेगळ्या झाडांवरून छाट आणा.

रोप लहान असताना शेंडा छाटत राहिलात, तर झुडूप होऊन भरपूर फुटवे येतात. विहीर आणि पाइपलाइनपासून मात्र ते लांब लावा. मुळं पाण्याच्या शोधात दूरवर जातात. ओढ्याच्या ऐन पात्रातही लावू नका. सोबतीला करंज, उंबर आणि जांभूळ असू द्या.

यंदाचा पूर उतरला की आपापल्या ओढ्याचा काठ पायी फिरून बघा. जिथं माती सर्वांत जास्त ढासळली असेल, तिथं पहिला छाट लावा.