फुटक्या भांड्याचा हिशेब



मृत्तिकाकलेची पदवी घेऊन आज बाहेर पडणाऱ्या स्नातकांना चाक, भट्टी आणि झिलई या तिन्हींचे शिक्षण मिळालेले आहे. अभ्यासक्रमात बहुधा राहून जाते ते फुटलेल्या भांड्याचे शिक्षण, आणि हाताने घडवलेल्या भांड्यांचा छोटा व्यवसाय तगतो की बुडतो हे पुष्कळदा त्याच भांड्यावर ठरते.

एका साध्या चहाच्या कपाचे उदाहरण पुरेसे आहे. सुमारे १२०० ते १३०० अंश सेल्सिअसला भाजल्यामुळे दगडासारखी घट्ट होणारी आणि पाणी जवळजवळ न शोषणारी भांडी ‘स्टोनवेअर’ म्हणून ओळखली जातात. त्यांची माती वाळताना आणि भाजताना मिळून १२ टक्के आकसते असे धरले, तर ९ सेंटीमीटर उंचीचा कप हवा असणाऱ्याला चाकावर तो सव्वादहा सेंटीमीटरचा उठवावा लागतो. त्याला कान जोडला की खरी काळजी सुरू होते, कारण कान बारीक असल्याने लवकर वाळतो, कपाचे अंग ओलसर राहते, आणि दोन्ही वेगवेगळ्या गतीने आकसू लागले की जोडावर केसाएवढी चीर पडते, जी कच्च्या भांड्यात नजरेतून सुटते आणि झिलई भाजून झाल्यावर, म्हणजे सगळा खर्च होऊन गेल्यावर, उघडी पडते. जाणता कारागीर म्हणूनच कप वाळत ठेवताना नुसत्या कानाला प्लास्टिकची पट्टी गुंडाळतो. पुढे भट्टी थंड होताना ५७३ अंशांच्या आसपास मातीतील गारेचे, अर्थात क्वार्ट्झचे, स्फटिक एकाएकी आकसतात, आणि त्या टप्प्यावर उतावीळपणे दार उघडणाऱ्याला भांडी तडकल्याचा आवाज ऐकावा लागतो. झिलई हा वितळून काचेसारखा होणारा थर. तो जाड बसला तर ओघळून बुडाशी येतो आणि कप भट्टीतल्या फळीला कायमचा चिकटतो.

आता यात पैसा मोजावा. समजा, माती, इंधन आणि मजुरी धरून एका कपाला १२० रुपये खर्च आला, शंभर कप चाकावर उठले आणि ऐंशी विक्रीयोग्य निघाले. तर बारा हजारांचा खर्च ऐंशी कपांवर पडतो आणि नफ्याचा एक पैसाही न धरता कप १५० रुपयांना जातो. १४० रुपयांना तो आनंदाने विकणारा नवखा कारागीर प्रत्येक गिऱ्हाइकाला दहा रुपये पदरचे देत असतो, आणि विक्री वाढेल तसा तोटाही वाढतो.

गावगाड्यातील कुंभाराने हा हिशेब असा कधी मांडला नाही. आतून दगडी गोळा धरून बाहेरून थापटण्याने ठोकत तो मडकी आणि रांजण घडवी, गावाला पुरवी आणि सुगीला धान्याच्या रूपाने बलुते घेई; गोवऱ्या-पाचट रचून पेटवलेल्या आव्यात किती भांडी फुटली याचा भार त्याच्या घरावर पडे, मोबदल्यात तो कुठेच दिसत नसे. दिवाळीत डझनभर पणत्यांसाठी आजही होणारी पाच रुपयांची घासाघीस ही त्याच न दिसणाऱ्या भाराची वारसदार आहे, असे म्हणणे वावगे ठरू नये.

हा हिशेब नीट बसवता येतो याचे एक ठळक उदाहरण पुदुच्चेरीत आहे. तेथे १९७१ साली डेबोरा स्मिथ आणि रे मीकर या दोघा अमेरिकन कलावंतांनी गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. सुरूच्या लाकडावर चालणाऱ्या भट्टीतून ताटल्या, वाडगे, किटल्या अशी रोज लागणारी भांडी निघत राहिली, आणि त्यांच्या सोबतीने स्थानिक कारागीर व बाहेरून आलेले विद्यार्थी तयार झाले. तेथे शिकलेल्या अनेकांनी पुढे त्याच परिसरात आपापल्या कार्यशाळा थाटल्या. स्वतःचे स्पर्धक स्वतःच घडवणारी ही रीत पेढीवरच्या शहाणपणात बसणारी नाही, पण त्यामुळेच पुदुच्चेरीचे स्टोनवेअर अशी वेगळी ओळख निर्माण झाली. मीकर यांनी पुढे कच्च्या मातीचे अख्खे घर बांधून ते आतून पेटवून भाजण्याचे प्रयोग केले, आणि त्या घराच्या पोटात विटा-कौलांसारखा कच्चा माल रचला, म्हणजे घरच भट्टी ठरते आणि इंधनाचा खर्च एकट्या घरावर न पडता मालावरही वाटला जातो. प्रयोगशील कलावंताच्या डोक्यातही इंधनाचा खर्च किती ठाण मांडून बसलेला असतो, हे यातून दिसते.

स्वतःची भट्टी उभारणाऱ्या स्नातकाने तिच्या शेजारी खिळ्याला एक वही टांगून ठेवावी, आणि तीत तारीख, जळण, भट्टीत भरलेले नग, धड निघालेले नग आणि नग नेमका कुठे गेला, एवढे पाच रकाने आखावेत. पहिल्या पाच-सहा भट्ट्यांपर्यंत शेवटच्या रकान्यात बहुधा ‘कान’ हाच शब्द पुन्हा पुन्हा लिहावा लागतो.