भाग: टेबलाला पॉलिश कोणतं मारायचं? (जवस, लाख, मेलामाइन की पीयू)

कानात हेडफोन असेल तर आवाज थोडा कमी करा, आज घासकाम आहे.

रिद्धपूरजवळच्या एका श्रोत्याचा प्रश्न आलाय. जुनं घर उतरवलं, आजोबांच्या काळातल्या सागवानी तुळया निघाल्या. परतवाड्याच्या आरामशीनवर त्यांच्या फळ्या करून आणल्या. आता त्यातून एक अभ्यासाचं टेबल होणार आणि स्वयंपाकघरात ओट्याला जोडून एक लाकडी फळी बसणार. मिस्त्री म्हणतो पीयू मारा, काका म्हणतात जवसाचं तेल चोळा, दुकानदार म्हणतो मेलामाइन न्या. पठ्ठ्याने विचारलंय, "ऐकू कोनाचं?"

प्रश्न साधा वाटतो, पण असं जुनं, मुरलेलं सागवान पुन्हा मिळणं कठीण. म्हणून नीट बघू.

आधी हे समजून घ्या की पॉलिश लाकडाला वॉटरप्रूफ करत नाही. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं, पॉलिश फक्त तो वेग कमी करतं. आपल्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास, हवा कोरडी ठण्ण. त्यात खोलीत कूलर लावला की एका बाजूने दमट वारा. मग जून-जुलैत पाऊस. फळी रुंदीत फुगते आणि आकसते, लांबीत जवळपास नाहीच. आता वरून चार हात मारले आणि खालची बाजू कोरी ठेवली, तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या वेगाने ओल घेणार आणि फळी वाकणार. म्हणून पहिला नियम: जे वर माराल, ते खालूनही मारा. कापलेल्या टोकांना एक हात जास्त द्या, कारण तिथून लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं.

आता पर्याय.

एक, जवसाचं तेल. आपल्याकडे चटणीमुळे जवस घरोघरी माहीत आहे. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, लाकडातच गोठतं. शेंगदाण्याचं तेल तसं वाळत नाही, ते चिकट राहतं आणि नंतर खवट वास मारतं. म्हणून "घरात आहे ते तेल चोळ" हा सल्ला ऐकू नका. घाण्याचं कच्चं जवस तेल वाळायला बरेच दिवस घेतं. हार्डवेअरच्या दुकानात जे 'बॉइल्ड' म्हणून मिळतं, त्यात लवकर वाळावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात. खाण्याच्या जागेसाठी कच्चंच घ्या आणि धीर धरा. पातळ हात चोळायचा, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं पुसून काढायचं, वाळू द्यायचं, मग पुढचा हात. फायदा मोठा आहे: ओरखडा पडला तर तेवढीच जागा घासून पुन्हा तेल लावता येतं. तोटा: पाण्यापासून बचाव कमी, आणि अधूनमधून पुन्हा हात द्यावा लागतो.

दोन, लाख. पळस, कुसुम, बोर या झाडांवरचा किडा जी राळ सोडतो, ती म्हणजे लाख. ती स्पिरिटमध्ये विरघळवून पोतेऱ्याने चढवतात, तेच जुनं स्पिरिट पॉलिश. चमक सुंदर, वाळतंही पटकन. पण गरम चहाचा कप ठेवला की पांढरं कडं उमटतं, आणि सॅनिटायझर सांडलं तर पॉलिशच सुटतं. देव्हारा, कपाट, फोटोफ्रेमसाठी झकास. रोजच्या टेबलासाठी नाही.

तीन, मेलामाइन आणि पीयू. दोन्हींत बेस आणि हार्डनर मिसळतात आणि लाकडावर कडक थर बसतो. चहा, हळद, संत्र्याचा रस, सगळं पुसून निघतं. पीयूचा थर थोडा लवचीक असतो, पाणी जास्त झेलतो. मेलामाइन साधारणपणे स्वस्त आणि टणक, पण वाळताना फॉर्माल्डिहाइड सोडतं, डोळे चुरचुरतात. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फवारताना श्वासात गेलं तर दमा मागे लागू शकतो. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. पॉलिशवाला दादा बिनामास्क काम करत असेल तर आपण बोललं पाहिजे, गॅसला चालणारा कार्ट्रिजचा मास्क हवा. आणि हा थर एकदा सोलायला लागला की तेवढंच ठिगळ लावता येत नाही, बहुतेक वेळा सगळं घासून पहिल्यापासून. रोलबॅक महाग आहे.

आता आजच्या भागातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं. टेबलावर ती उडून जाते. पण तेल पुसलेला सुती कपडा गोळा करून कोपऱ्यात फेकला, तर उष्णता आतच कोंडते आणि काही तासांत तो कपडा आपोआप पेटू शकतो. ठिणगी लागत नाही, काडी लागत नाही. तेलात भिजलेल्या भुशाचंही तेच. आता आपल्याकडची घरं आठवा: भाव वाढेल म्हणून खोलीभर कापूस भरून ठेवलेला असतो. त्याच खोलीच्या दारात असा बोळा पडला तर? म्हणून कपडा उघड्यावर, एकेरी पसरून कडक होईपर्यंत वाळवा, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा, कारण झाडझूड करणारं माणूस वेगळं असतं.

तर निवडायचं कसं? तीन प्रश्न विचारा. पाणी रोज सांडणार का? त्यावर थेट सुरी किंवा कणीक येणार का? बिघडलं तर दुरुस्त कोण करणार?

आपल्या श्रोत्यासाठी माझं उत्तर असं. अभ्यासाच्या टेबलावर चहा सांडणारच, तिथे मॅट पीयू, पण काम अंगणात किंवा मोकळ्या शेडमध्ये. ओट्याजवळच्या फळीवर भाजी चिरणार असाल तर जवस. कडक थर सुरीने कापला जातो, त्याचे कण भाजीत येतात आणि फटीतून पाणी शिरतं. सिंकला अगदी चिकटून लाकूड लावूच नका, तिथे दगडच बरा. पोळपाटाला काहीच नको, धुवा आणि उभा करून वाळवा.

कामाचा क्रम: 120, मग 180, मग 220 नंबरचा पॉलिश पेपर, शिरांच्या दिशेनेच. जुन्या तुळईत खिळे राहिलेले असतात, रंधा मारायच्या आधी शोधून काढा. सागात स्वतःचं तेल असतं, त्यामुळे पीयूच्या आधी थिनरने पुसून घ्या, नाहीतर थर धरत नाही. पावसाळी दिवसात पीयू टाळा, ओल अडकून थर पांढुरका पडतो किंवा बुडबुडे येतात.

आणि आधीच पॉलिश असलेलं जुनं टेबल असेल, तर खालच्या बाजूला स्पिरिटचा थेंब टाका. चिकट झालं तर बहुतेक लाख आहे. पॉलिश कुठे संपलंय ते पाण्याच्या थेंबाने कळतं: थेंब गोळा होऊन बसला तर ठीक, जिरून डाग गडद झाला तर हात द्यायची वेळ झाली.

काहीही मारण्याआधी त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यावर मारून बघा. आठवडाभर त्यावर चहाचा कप ठेवा, लिंबू पिळा, हळद लावा. तो तुकडा मिस्त्री, काका आणि दुकानदार या तिघांपेक्षा खरं सांगेल.

तुमच्याकडे जुन्या लाकडाचं काय चाललंय ते व्हॉइस नोटवर पाठवा. भेटू पुढच्या भागात. आणि हो, तो कपडा पसरून वाळवा!