रजनी पावती मागायची

मी बोलतेय कळंबमधून. इंदापूर तालुक्यातलं, वालचंदनगरच्या शेजारचं आपलं कळंब.

मागच्या महिन्यात घरी गॅसची टाकी आली. आणणाऱ्यानं पावतीपेक्षा 30 रुपये जास्त मागितले. मी मुकाट्यानं फोन काढून स्कॅन करणार, तेवढ्यात आई बाहेर आली.

"दादा, हे तीस रुपये पावतीत कुठं लिहिलेत?"

"काकू, सगळेच देतात."

"सगळ्यांचं मला ठाऊक नाही. पावतीवर आहेत तेवढे घ्या."

खरं सांगू? मला लाज वाटली, चक्क आईची! तीस रुपयांसाठी दारात वाद कशाला? तो गेल्यावर तसं बोललेही. आई म्हणाली, "तुम्ही रजनी कुठं बघितलीय!"

म्हणून आजचा एपिसोड रजनीवर, म्हणजे प्रिया तेंडुलकर यांच्यावर.

1985 साल. टीव्ही म्हणजे फक्त दूरदर्शन. बासू चटर्जींची 'रजनी' ही हिंदी मालिका रविवारी लागायची. आई तेव्हा 15 वर्षांची, शिकायला पुण्यात मामाकडे होती. रजनी ही साधी गृहिणी. पण गॅसवाला असो, टॅक्सीवाला असो, नाहीतर सरकारी ऑफिस, चुकीचं दिसलं की ती गप्प बसायची नाही. टॅक्सीवाल्यांवरचा भाग लागला तेव्हा मुंबईच्या टॅक्सीचालकांनी निषेधसुद्धा केला होता! आणि गंमत बघा, आपला ग्राहक संरक्षण कायदा आला 1986 मध्ये. म्हणजे रजनी भांडत होती तेव्हा तिच्या हातात हा कायदाही नव्हता. होता तो फक्त आवाज.

या प्रिया ताई कोण? जन्म 19 ऑक्टोबर 1954, नाटककार विजय तेंडुलकरांची मुलगी. एवढं मोठं नाव घरात, म्हणजे सगळं आयतं मिळालं असेल असं वाटतं ना? तसं नव्हतं. हॉटेलात रिसेप्शनिस्ट, मॉडेलिंग, बातम्या वाचणं अशी कामं त्यांनी केली. 1974 मध्ये श्याम बेनेगलांच्या 'अंकुर'मध्ये त्या दिसल्या. पुढे 'गोंधळात गोंधळ', 'थोरली जाऊ' असे मराठी सिनेमेही केले. पण घराघरात पोचवलं ते रजनीनं.

मालिकेत रजनीचा प्रश्न एका भागात सुटायचा. प्रिया ताईंचं आयुष्य तसं सुटसुटीत नव्हतं. मालिकेत नवरा झालेल्या करण राझदान यांच्याशी त्यांनी 1988 मध्ये लग्न केलं, ते 1995 मध्ये मोडलं. नंतर कॅन्सर झाला. पण त्या थांबल्या नाहीत. टीव्हीवर स्वतःच्या नावाचा टॉक शो केला. मराठीत कथा लिहिल्या, 'ज्याचा त्याचा प्रश्न' हे त्यांचंच पुस्तक. 'हम पाँच'मध्ये तर त्या भिंतीवरच्या फोटोत होत्या! अशोक सराफांची वारलेली पहिली बायको, जी फोटोतूनही नवऱ्याला सुनवायची. 19 सप्टेंबर 2002 ला हृदयविकाराच्या झटक्यानं त्या गेल्या. 48 वा वाढदिवस एका महिन्यावर होता.

हे सगळं वाचून झाल्यावर मी आईला विचारलं, "रजनी बघून तू लगेच बोलायला लागलीस?"

ती हसली. "छे गं! लग्न होऊन कळंबला आले, तेव्हा दहा वर्षं कुणापुढं तोंड उघडलं नाही. पण बाईनं विचारलं तर आभाळ कोसळत नाही, हे बघून ठेवलं होतं. कधीतरी उपयोगी पडलं."

मला हे फार आवडलं. एखादी नटी आपल्याला लगेच बदलत नाही. पण ती एक वाक्य देऊन जाते, आणि ते दहा वर्षांनी आपल्या तोंडून बाहेर पडतं.

परवा पुन्हा टाकी आली. आई शेतात गेली होती. मीच म्हटलं, "पावतीचेच देणार. आणि वजन करून द्या." आवाज थोडा कापला माझा. रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच लिहिलेलं असतं, त्यात 14.2 किलो मिळवायचे, झाला हिशोब. तो पुटपुटला, पण वजन केलं. पैसेही पावतीचेच घेतले.

तुमच्याकडे असं काही झालं, तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे, फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. आणि घरात विचारा, आपल्याकडची रजनी कोण? बहुतेक ती स्वयंपाकघरातच सापडेल.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!