डबलचा हिशेब
(घाटकोपर येथे कामगार युवकांच्या सभेत केलेलं भाषण)



मी अंधेरीच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार. बारा-बारा तास राबतो. वरच्या तासांचे पैसे मिळतात ते सिंगल. गटार तुंबलं की मुकादम आडनाव बघून हाक मारतो, मशीनवर माणूस घ्यायचा तर आडनाव बघूनच वगळतो. ही दोन दुखणी वेगळी समजू नका. पाकीट कापणारा आणि गटाराकडे बोट दाखवणारा हात एकच आहे.

हे आजचं नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात आपल्या माणसांना घेत नसत. कांडी बदलताना धोट्याचा धागा तोंडाने ओढावा लागे, विटाळ होईल म्हणे! पण पगार जास्त होता तो त्याच खात्यात. विटाळामागे कुणाचा तरी जादा पगार दडलेला असतो. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. पुढे व्हॉइसरॉयच्या मंडळात मजूर सदस्य असताना, 1946 साली त्यांनी मांडलेल्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा 54 तासांवरून 48 वर आला.

आता जुने कायदे गेले. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली. जादा तासाला दुप्पट दर तिच्यातही आहे. पण भेदभावाचं कलम वाचा : वेतनात लिंगावरून भेद नको. आणि जात? नावसुद्धा नाही. घटनेचं कलम 16 सरकारी नोकरीपुरतं. या फटीतून कंत्राटदार पसार होतो. मात्र जातीमुळे कामधंद्यापासून अडवणं हा 2015 च्या दुरुस्तीनंतर अत्याचारविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, हे मुकादमाला ठणकावून सांगा.

कंत्राट तोडता येतं. कचरा वाहतूक श्रमिक संघ वर्षानुवर्षे कोर्टात लढला. महापालिका म्हणत होती, ही माणसं आमची नाहीत. एप्रिल 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने 2700 सफाई कामगारांना कायम करण्याचा निवाडा उचलून धरला.

म्हणून आजपासून वही घाला. आत किती वाजता, बाहेर किती वाजता, कुठलं काम कुणाला दिलं, रोज लिहा. शेजारच्याची सही घ्या. मग डबल मागा, पण एकट्याने नको. एकट्याला गेटाबाहेर काढतात. अख्खी पाळी बाहेर काढायला मालकाला छाती लागते.