तहान लागल्यावर विहीर
(आपल्या संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात झालेले भाषण)



आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टरही नव्हे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढे अध्यापनाचा अभ्यासक्रम पुरा केला आणि सारी हयात शाळेत मुले शिकविण्यात गेली. तेव्हा एखाद्या गहन विषयास हात घालण्याचे धाडस आम्ही करीत नाही. आमचा विषय पाणी हा आहे. पाण्यावर व्याख्यान ते काय द्यायचे, असे कित्येकांच्या मनात येईल. पण हा विषय आम्ही घेतला त्याचे कारण आमच्या घरातलेच आहे, आणि ते प्रथम सांगणे उचित होय.

सन १९६८ ची गोष्ट. आम्ही त्या वेळी नऊ वर्षांचे होतो. आमच्या अकरा महिन्यांच्या धाकट्या भावास हगवण लागली. जुलाबात पाणी पाजले की जुलाब वाढतात, अशी त्या काळी घरोघर समजूत होती. तदनुसार आजीने पाण्याचे भांडे त्याच्या दृष्टीआड ठेविले. दुसऱ्या दिवशी तो रडे, पण डोळ्यांतून टिपूस येईना. टाळू खोल गेली, डोळे आत ओढले गेले, लंगोट कोरडाच राहू लागला. तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. आजीचा त्याच्यावर आम्हां सर्वांहून अधिक जीव होता. तिला दोष देण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. माया होती, माहिती नव्हती.

पुढे मोठेपणी वाचनात आले की, त्याच १९६८ साली ढाक्याच्या पटकी संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नलिन व रिचर्ड कॅश या दोन तरुण डॉक्टरांनी पटकीच्या रोग्यांना ग्लुकोज व क्षार घातलेले पाणी तोंडाने पाजून त्यांची सलाइनची गरज पुष्कळ कमी करून दाखविली होती. यातील मर्म असे की, आतड्यात साखर व मीठ ही दोघे जोडीने शोषली जातात आणि पाणी त्यांच्यामागून आपोआप आत जाते. जुलाब चालू असतानाही हा मार्ग बहुधा बंद होत नाही. पुढे १९७१ साली बांगलादेशच्या युद्धातील निर्वासितांच्या छावणीत, बंगालमधील बनगाव येथे, पटकीने थैमान घातले. सलाइनच्या बाटल्या अपुऱ्या पडल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांच्या पुड्या करविल्या आणि त्यांचे पाणी पाजण्याचे काम रोग्यांच्या नातेवाइकांवर सोपविले. मृत्यूचे प्रमाण शेकडा तिसाच्या आसपास होते, ते चाराच्या आत आले. या थोर पुरुषाचे निधन २०२२ साली झाले, आणि २०२३ साली सरकारने त्यांस मरणोत्तर पद्मविभूषण दिले.

आता हे पाणी घरी कसे करावे ते सांगतो. एक लिटर स्वच्छ पाणी, त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नये. अधिक झाल्यास अपाय होतो. अश्रूंहून खारट लागले तर ते फेकून द्यावे. सरकारी दवाखान्यातील पुडी मिळाल्यास ती अधिक चांगली. पुडीवर लिहिले असेल तितक्याच पाण्यात ती सबंध घालावी. तयार पाणी चोवीस तासांनंतर वापरू नये. दर जुलाबामागे दोन वर्षांच्या आतील मुलास पाव ते अर्धा पेला, त्याहून मोठ्यास अर्धा ते एक पेला, चमच्याचमच्याने द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश सुरू करावे. अंगावरचे दूध व नेहमीचे अन्न थांबवू नये. मूल मलूल पडले, काहीच पोटात ठरेना, शौचातून रक्त पडू लागले वा सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता दवाखाना गाठावा.

ही झाली आजाराची गोष्ट. परंतु आपल्या खानदेशच्या उन्हाळ्यात निरोगी माणसाच्या अंगातले पाणीही नकळत आटते. तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपले वाडवडील सांगत. शरीराच्या बाबतीत तर ते अक्षरशः खरे आहे. कारण तहान हा उशिरा येणारा निरोप्या आहे. वय वाढले की तो आणखी उशीर करतो. आमच्या वयाच्या माणसांस पाणी कमी पडले तरी तहान लागत नाही. डोके दुखते, उठताना भोवळ येते, पायांत गोळे येतात, क्वचित बोलणे असंबद्ध होते, आणि घरचे म्हणतात, म्हातारपणाने भ्रम झाला! सर्वांत सोपी खूण लघवीची. ती फिकट पिवळी असेल तर ठीक. गडद व थोडी होऊ लागली की पाणी कमी पडत आहे असे समजावे. ताक, पन्हे, भाताची पेज, लिंबाचे सरबत ही आपली जुनी पेये उत्तमच. घाम फार गेला असता त्यांत चिमूटभर मीठ असावे. मात्र हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी किती पाणी प्यावे, हे आपल्या डॉक्टरांसच विचारावे. आणि मधुमेही बंधूंनी साखरेची सरबते उगाच पिऊ नयेत.

आता एक नाजूक गोष्ट. आम्ही एका शाळेत असताना मुली सकाळपासून पाण्यास शिवत नसत. दुपारी एखादी प्रार्थनेच्या रांगेतच घेरी येऊन पडे. आम्ही रागावून पाणी पिण्याची सक्ती केली. मुली खाली मान घालून उभ्या राहिल्या. अखेर आमच्या सहकारी बाईंनी आम्हांस बाजूस घेऊन उलगडा केला: शाळेत मुलींसाठी शौचालय नव्हते. त्या दिवशी आम्हांस आमच्या रागाची लाज वाटली. आजही आपल्या भगिनी लग्नकार्यास, प्रवासास निघताना तहान मारतात, त्याचे कारण हेच. पाणी प्या असा उपदेश करणे सोपे आहे. पण जिथे आडोसा नाही तिथे तो उपदेश पोकळ आहे. तहान मारण्याच्या या सवयीने मूतखडा व लघवीचे विकार यांस आमंत्रण मिळते.

आपला मेळावा दरवर्षी भर एप्रिलात उघड्या पटांगणावर भरतो. दिनांक १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे उघड्या मैदानावर झालेल्या समारंभास आलेल्यांपैकी १४ जण उष्माघाताने दगावले, याचे आपणां सर्वांस स्मरण असेल. अशा वेळी ज्याचे अंग तापले आहे व भान हरपत आहे त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा, १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. बेशुद्धाच्या तोंडात पाणी मुळीच ओतू नये. पण ती वेळच येऊ नये, हे अधिक शहाणपणाचे.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे आमच्या तीन विनंत्या आहेत. मेळाव्याची मुख्य सभा सकाळी दहापूर्वी आटोपावी. प्रत्येक रांगेपाशी माठ ठेवून, कोणी मागण्याची वाट न पाहता स्वयंसेवकांनी पाणी फिरवावे. आणि हारतुरे, शाली व श्रीफळे यांच्या खर्चातून काही रक्कम वळवून भगिनींसाठी स्वच्छ शौचालयांची सोय व्हावी. आमच्या सत्काराची शाल वाचली तर आम्हांस आनंदच होईल.

आपल्याकडे पाहुणा दारात आला की प्रथम गूळपाणी पुढे करण्याची रीत होती. त्याला तहान लागली आहे काय, असे कोणी विचारीत नसे. ती रीत घालणारे आपले पूर्वज आमच्याहून शहाणे होते. आपापल्या घरातील पाळण्यातले मूल व खाटेवरचे वृद्ध यांना तरी आपण न मागता पाणी द्यावे. मागण्याची ताकद कित्येकदा त्यांच्यात उरलेली नसते, आणि ज्याने मागितले त्यालाही आमच्या घरी एकदा ते मिळाले नव्हते.